होडीच्या नांगराचा दोर : निवड, लांबी आणि निगा

नंदुरबार जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि मासेमारी हा येथील अनेक कुटुंबांचा जोडधंदा आहे, आणि काही कुटुंबांचा तर तो मुख्य आधार आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावांची जमीन पाण्याखाली गेली. डोंगरउताराची शेती गेली त्या ठिकाणी आज खोल जलाशय पसरला आहे. तापी नदीवर शहादे तालुक्यात सारंगखेडे व प्रकाशे येथे बंधारे झाल्याने नदीच्या पात्रात दीर्घकाळ पाणी साठून राहते. नवापूर तालुक्याच्या बाजूस १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा येतो. या तिन्ही पाण्यांत लहान होड्या चालतात व त्यांतून जाळी टाकली जातात.

होडी, जाळे व इंजिन यांच्या खरेदीत मच्छीमार बंधू पुष्कळ चौकशी करतात. नांगराचा दोर मात्र बहुधा आठवड्याच्या बाजारात, हाती लागेल तो, स्वस्त मिळेल तो आणि परवडेल तेवढाच घेतला जातो. वादळी वाऱ्यात होडी व माणसे यांची सुरक्षितता त्या दोरावर अवलंबून असते. यास्तव हा दोर कसा निवडावा, किती लांब घ्यावा आणि कसा वापरावा, याचा विचार येथे केला आहे.

नांगर कसा धरतो

जमीन नांगरणारे अवजार आणि होडी स्थिर ठेवणारा लोखंडी आकडा या दोहोंस मराठीत नांगर असेच म्हणतात. दोहोंचे काम एकाच तत्त्वावर चालते. लोखंडी नांगर जुवाला जोडणारी साखळी आखूड केली की ओढ वरच्या दिशेने लागते व फाळ जमिनीबाहेर येऊ लागतो. तीच साखळी लांब केली की ओढ आडवी लागते व नांगर खोल जातो. हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. होडीच्या नांगराचे फाळही तळाच्या गाळात शिरून राहावयाचे, तर त्यांना आडवी ओढ मिळाली पाहिजे. दोर आखूड असेल तर प्रत्येक लाटेबरोबर नांगर वर उचलला जातो, त्याची पकड सुटते आणि होडी वाहू लागते.

अशा वेळी दोर तुटलेला नसतो. तो आखूड पडलेला असतो. तरीही पुष्कळदा यातून चुकीचा बोध घेतला जातो, आणि पुढील खेपेस पूर्वीपेक्षा जाड, परंतु तेवढाच आखूड दोर आणला जातो. त्याने दोष दूर होत नाही. दोराची लांबी प्रथम, त्याचा धागा त्यानंतर व जाडी सर्वांत शेवटी, असा निवडीचा क्रम असावा.

लांबीचा हिशेब

दोराची लांबी ठरविताना पाण्याची खोली आणि पाण्यापासून होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, उंची या दोहोंची बेरीज करावी. या बेरजेच्या दुप्पट दोर सोडला तर तो तळाशी सुमारे ३० अंशांचा कोन करतो. तिप्पट सोडल्यास हा कोन सुमारे १९ अंश, पाचपट सोडल्यास सुमारे १२ अंश आणि सातपट सोडल्यास सुमारे ८ अंश होतो. कोन जितका लहान, तितकी ओढ आडवी आणि पकड घट्ट. शांत पाण्यात व माणसे होडीत जागी असताना थोडा वेळ थांबावयाचे असल्यास तिप्पट ते पाचपट दोर चालतो. वारा असेल, किंवा रात्रभर होडी उभी करावयाची असेल, तर सातपट दोर सोडावा.

उदाहरणार्थ, पाणी ७ मीटर खोल आहे आणि नाळ पाण्यापासून अर्धा मीटर उंच आहे. बेरीज साडेसात मीटर झाली. पाचपटीने साडेसदतीस मीटर आणि सातपटीने साडेबावन मीटर दोर लागतो. बाजारात नगावर मिळणारा १० किंवा १५ मीटरचा तुकडा येथे उपयोगी पडत नाही, हे यावरून ध्यानी येईल.

सामान्यतः लहान होडीस ५५ मीटर दोर ठेवावा. दोन्ही हात पसरून होणाऱ्या, सुमारे सहा फुटांच्या वावेने मोजल्यास तो सुमारे ३० वाव भरतो. एवढ्या दोरावर वाऱ्याच्या दिवशी सुमारे ७ मीटर आणि शांत पाण्यात सुमारे १० मीटर खोलीपर्यंत नांगर टाकता येतो. त्याहून खोल पाण्यात नांगरावर विसंबून राहू नये. दर पाच वावेवर रंगीत चिंधीची खूण गुंफून ठेवावी, म्हणजे किती दोर सुटला हे तत्काळ कळते. खोली पाहण्यासाठी बारीक दोरीस वजन बांधून व वावागणिक गाठी मारून एक मापदोरी होडीत निराळी ठेवावी. अंदाजाने खोली ठरवू नये.

धागा कोणता घ्यावा

पूर्वी ताग, अंबाडी, घायपात व काथ्या यांचे दोर वापरीत. शेतातील मोटेला आणि जनावरांच्या दाव्याला ते चांगले होते. परंतु सतत पाण्यात राहणाऱ्या कामास ते टिकत नाहीत. ताग पाण्यात कुजवून त्याचा वाख काढतात, हे शेतकरी जाणतात. कुजवण्याचे हे काम पाण्यातील सूक्ष्म जंतू करतात. वाख निघाला की ताग पाण्याबाहेर काढतात व हे काम थांबते. दोर पुनःपुन्हा पाण्यात बुडत राहिला तर जंतूंचे काम पुन्हा सुरू होते व खुद्द वाखच कुजू लागतो. असा दोर वरून धडधाकट दिसतो आणि आतून विरलेला असतो. घायपाताचा १० मिलिमीटर जाडीचा कोरा दोरही सातशे किलोच्या आतच तुटतो.

कृत्रिम धाग्यांचे दोर कुजत नाहीत. मासेमारीच्या साधनांचे शास्त्रीय संशोधन करण्यासाठी केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ साली कोची येथे सुरू झाली. त्यानंतरच्या काळात देशातील जाळी व दोर यांत नैसर्गिक धाग्यांची जागा हळूहळू कृत्रिम धाग्यांनी घेतली. आज बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे दोर दिसतात : नायलॉनचे आणि पॉलिप्रॉपिलीनचे.

पॉलिप्रॉपिलीनचा दोर निळा, हिरवा किंवा पिवळा असून तो स्वस्त व हलका असतो. ओझी बांधण्यास तो सर्वत्र वापरतात. १० मिलिमीटर जाडीचा चांगला दोर सुमारे १४०० किलो भार सहन करतो. नांगराच्या कामी मात्र त्याचे तीन दोष आहेत. पहिला, तो पाण्यावर तरंगतो. त्यामुळे सैल पडला की पृष्ठभागावर येतो आणि इंजिनाच्या पंख्यात किंवा दुसऱ्याच्या जाळ्यात अडकतो. दुसरा, तो फारसा ताणला जात नाही. लाटेचा झटका तो सरळ नांगराला व होडीच्या कड्याला देतो. तिसरा, उन्हाने तो लवकर ठिसूळ होतो. हाताला पांढरी भुकटी लागू लागली म्हणजे त्याची ताकद गेली असे समजावे.

नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो. त्याच जाडीस तो सुमारे २००० किलो भार सहन करतो. भिजल्यावर त्याची ताकद दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी होते. तरीही ती पुरेशी राहते. त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा ताण. तुटण्यापूर्वी तो मूळ लांबीच्या सुमारे तृतीयांश लांबतो, त्यामुळे लाटेचा झटका दोरातच जिरतो व नांगर उपटला जात नाही. नांगराच्या दोरासाठी तीन पेडी नायलॉनच घ्यावे.

दुकानात ओळख पटविणे सोपे आहे. दोराचा बोटभर तुकडा पाण्यात बुडवून, चोळून त्यातील हवा काढावी व सोडून द्यावा. नायलॉन तळाशी जाते, पॉलिप्रॉपिलीन वर येते. दुसरी परीक्षा वजनाची. १० मिलिमीटर जाडीच्या १०० मीटर नायलॉनचे वजन सुमारे सव्वासहा किलो भरते, तर तेवढ्याच पॉलिप्रॉपिलीनचे सुमारे साडेचार किलो. वजन या मानाने फार निराळे आढळले तर जाडी, लांबी किंवा माल यांपैकी कशात तरी खोट आहे असे समजावे.

जाडी किती असावी

पंधरा ते वीस फूट लांबीच्या होडीवर ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाचा वारा असता नांगराच्या दोरावर सुमारे ११५ ते १६५ किलो ओढ येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. म्हणजे मोठ्या वादळातही ती साडेसहाशे किलोच्या आसपास राहील. १० मिलिमीटरच्या नायलॉनची ताकद भिजल्यावर आणि थोडी झिजल्यावरही याहून बरीच अधिक असते. यास्तव लहान होडीस १० मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. ८ मिलिमीटरचा दोर ताकदीने चालण्यासारखा असला तरी ओल्या हातांनी ओढताना तो तळव्यास कापतो व झिजेसाठी त्यात फारशी शिल्लक राहत नाही. १२ मिलिमीटरहून जाड दोरावर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा लांबीवर खर्च करावा.

याच आकड्यांवरून दगडाच्या नांगराची मर्यादाही कळते. काळ्या पाषाणाचा २० किलोचा धोंडा पाण्यात सुमारे १३ किलोच भरतो, आणि त्यास तळात शिरणारा फाळ नसतो. शंभर किलोहून अधिक ओढीपुढे तो टिकणार नाही. शांत पाण्यात जाळे लावताना तो उपयोगी आहे. वाऱ्यात त्यावर भरवसा ठेवू नये.

साखळी, गाठ आणि कडी

दोर थेट नांगरास बांधू नये. मध्ये दोन ते तीन मीटर लोखंडी साखळी असावी. साखळीच्या वजनाने नांगराजवळची ओढ खाली राहते आणि तळाच्या खडकावर दोराऐवजी साखळी घासते. नर्मदेच्या जलाशयात पाण्याखाली बुडालेली झाडे व खडकांच्या धारा असल्याने ही काळजी विशेष महत्त्वाची आहे. जनावरे बांधण्याची, कड्या सांधलेल्या नसलेली बारीक साखळी या कामी वापरू नये. ताणाने तिच्या कड्या उघडतात.

गाठ मारल्याने दोराची ताकद पुष्कळ घटते. काही गाठींनी ती निम्म्यावर येते. पेड उलगडून व परत गुंफून केलेल्या फासात मात्र बहुतेक ताकद कायम राहते. नायलॉन गुळगुळीत असल्याने पेड निदान पाच वेळा गुंफावेत. फासाच्या आत खोबणीची लोखंडी कडी बसवावी, म्हणजे साखळीच्या घर्षणाने दोर कापला जात नाही. दोर व साखळी जोडणाऱ्या शॅकलचा पेच तारेने बांधून टाकावा. पाण्यात हलून हलून तो सुटतो. दोराचे दुसरे टोक नांगर टाकण्यापूर्वीच होडीच्या कड्याला पक्के बांधावे.

डोंगरउताराच्या जलाशयातील विशेष काळजी

सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे आणि नेहमीच्या वापरातील किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. दोहोंत २८ मीटरचे अंतर आहे. पूर्ण पातळीपर्यंत हा जलाशय प्रथम सप्टेंबर २०१९ मध्ये भरला. जेथे उन्हाळ्यात कोरड्या उतारावरून चालता येते, तेथे जलाशय भरल्यावर कित्येक मीटर पाणी असू शकते. मागील हंगामात माहीत असलेली खोली या हंगामात गृहीत धरू नये. प्रत्येक वेळी मापदोरी टाकावी.

सातपुड्याचे उतार तीव्र आहेत. ४५ अंशांच्या उतारावर काठापासून १० मीटर आत गेले की पाणी १० मीटर खोल होते, आणि मूळ पात्राकडे तर लहान होडीचा नांगर तळाला पोहोचणेच व्यवहार्य नाही. येथे आणखी एक धोका आहे. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर होडी खोल पाण्याकडे ओढली जाते आणि नांगर उताराने खाली घसरतो. एकदा तो घसरला की त्याला पुढे तळच सापडत नाही. नांगर पाण्यात लोंबकळत राहतो आणि होडी मोकळी वाहत जाते. अशा वेळी दोर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

यावर उपाय असा. नाल्याच्या मुखाशी, आडोशाच्या जागी होडी आणावी. एक दोर काठावरील जिवंत झाडास किंवा खोल ठोकलेल्या मेखेस बांधावा आणि नांगर पाण्याच्या बाजूस टाकावा. वारा काठाकडून आला तर काठाचा दोर होडी धरतो. वारा पाण्याकडून आला तर नांगर उताराच्या वरच्या दिशेस ओढला जातो व अधिक घट्ट रुततो. दोन्ही दोरांस थोडा ढिलावा ठेवून सकाळ-संध्याकाळ ते पाहावेत. जलाशयाची पातळी धरणांतील पाण्याच्या आवक-जावकीनुसार बदलते. पाणी उतरले तर ताठ बांधलेली होडी उतारावर टेकून कलते आणि तिच्यात पाणी भरते.

तापीच्या बंधाऱ्यांत तळ बहुधा गाळाचा आहे व तेथे फाळाचा नांगर चांगला रुततो. परंतु पावसाळ्यात वरील हतनूर धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे प्रवाह वाढतो व ओंडके, झाडे वाहत येतात. पुराचा इशारा मिळताच होड्या पात्राबाहेर काढाव्यात. नांगरावर ठेवू नयेत. होडीत विळा किंवा कोयता हाताशी असावा. वाहते झाड दोरावर अडकले तर दोर कापून होडी व माणसे वाचवावीत. दोर पुन्हा विकत घेता येतो.

नांगर टाकणे व काढणे

होडीचे तोंड वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे करावे. नांगर फेकू नये, हळूहळू सोडावा. तो तळाला लागला की होडी मागे जाऊ द्यावी व दोर सोडत जावे. ठरलेला दोर सुटल्यावर तो बांधावा आणि नांगर रुतला की नाही हे पाहावे. काठावरील एक झाड व त्यामागील एक खडक एका रेषेत धरावा. ती रेषा मोडली तर होडी सरकत आहे असे समजावे. सोडताना दोराच्या वेटोळ्यात पाय असू नये. ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तो तुटल्यास चाबकासारखा उलटतो.

नांगराचा दोर नेहमी नाळेकडे बांधावा; मागच्या टोकास कदापि बांधू नये. मागची बाजू पाण्यास टेकलेली व इंजिनाच्या वजनाने दबलेली असते. तेथून ओढ बसली की लाट आत येते. जानेवारी २०१९ मध्ये मकरसंक्रांतीच्या दिवशी अक्राणी तालुक्यातील भुषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटून जीवितहानी झाली. त्या बोटीत माणसांची गर्दी फार झाली होती; नांगराचा तेथे संबंध नव्हता. परंतु काठ पाण्याशी टेकलेली होडी किती थोड्या कारणाने उलटते, हे त्या घटनेने सर्वांस दाखविले आहे. भरलेल्या होडीस मागून नांगर बांधणे म्हणजे तसलाच धोका ओढवून घेणे होय.

बुडालेल्या झाडांत नांगर अडकू नये म्हणून त्याच्या फाळांकडील टोकास एक निराळी दोरी बांधावी व तिच्या वरच्या टोकास रिकामा बंद डबा लावावा. मुख्य दोराने नांगर सुटला नाही तर या दोरीने तो उलट दिशेने ओढून निघतो. या दोरीसाठी पॉलिप्रॉपिलीनच योग्य आहे. ती तरंगत असल्याने तळाच्या फांद्यांत गुंतत नाही. स्वस्त दोरी अशा प्रकारे तिच्या योग्य कामास लावावी.

खरेदी व निगा

दोराचे कारखानी वेटोळे सामान्यतः २२० मीटरचे असते. त्याचे चार समान भाग केल्यास प्रत्येकी ५५ मीटर, म्हणजे एका होडीस हवा तेवढाच दोर मिळतो. चार होडीवाल्यांनी मिळून, किंवा मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत, अखंड वेटोळे घ्यावे. सुटा तुकडा घेताना होणारी फसवणूक त्यामुळे टळते व लांबीत काटकसर करण्याचा मोहही होत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संस्थेच्या बैठकीत पाण्याच्या भांड्यातील परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी, आणि एका होडीचा दोर वावेने मोजून त्यावर कोणत्या खोलीपर्यंत थांबता येईल, याचा हिशेब सर्वांसमक्ष करावा.

वापरानंतर दोर गोड्या पाण्याने धुऊन, गाळ व रेती काढून, सावलीत वाळवावा. पेडांत अडकलेली रेती धागा आतून कापते. महिन्यातून एकदा पीळ उलगडून आतील धागे पाहावेत. झीज बहुधा साखळीजवळ व नाळेवर घासणाऱ्या भागात आढळते. नाळेच्या जागी जुन्या रबरी नळीचा तुकडा दोरावर चढवावा. एक टोक झिजले तर दोर उलटा करून वापरावा. मध्ये झिजला तर तो नांगरास न वापरता अन्य कामास लावावा.

ध्यानी ठेवावयाच्या गोष्टी

१. तीन पेडी नायलॉन, १० मिलिमीटर जाडी, ५५ मीटर लांबी.
२. नांगर व दोर यांमध्ये दोन ते तीन मीटर साखळी.
३. वाऱ्यात खोलीच्या सातपट, शांत पाण्यात पाचपट दोर.
४. प्रत्येक वेळी मापदोरीने खोली पाहणे.
५. तीव्र उतारावर काठाचा दोर आणि नांगर दोन्ही.
६. दोर नाळेकडे, मागच्या टोकास कधीही नाही.

जमिनीऐवजी पाण्यावर पोट भरण्याची वेळ ज्या कुटुंबांवर आली, त्यांची होडी हेच त्यांचे शेत आहे. वावभर दोराची काटकसर करून ते शेत वाऱ्याच्या स्वाधीन करू नये.